पाचाचे आठ

बॅटरी ग्रिप लावली की कॅमेऱ्याचा स्पीड वाढतो, हे वाक्य अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडतं, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस पैसे काढतो. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो. विषय थोडा तांत्रिक आहे, पण आकडेमोड आठवीच्या वरची नाही. चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बॅटरी ग्रिप म्हणजे एसएलआर कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसवायचा एक डबा. त्यात जास्तीची बॅटरी मावते, आणि कॅमेरा उभा धरल्यावर हाताखाली येईल असं एक दुसरं शटर बटणही असतं. त्याने कॅमेरा दिसायला एकदम 'प्रोफेशनल' होतो. लग्नात यजमान दोन पावलं मागे सरकून वाट देतात, हा त्याचा एक फायदा कुठल्याच मॅन्युअलमध्ये छापलेला नसतो. :-)

आता तो 'स्पीड'वाला दावा. कॅमेऱ्याचं बटण दाबून ठेवलं की तो सेकंदाला किती फोटो काढतो, त्याला एफपीएस म्हणतात. २००७ साली आलेला निकॉनचा डी३०० नुसता असताना ६ फोटो काढायचा, एमबी-डी१० ही ग्रिप आणि योग्य बॅटरी असेल तर ८. २००८ च्या जुलैमधला डी७०० नुसता ५, आणि त्याच ग्रिपवर ८. पाचाचे आठ म्हणजे सरळ साठ टक्के वाढ! आपल्या ऑफिसात कुणी साठ टक्के परफॉर्मन्स वाढवून दाखवला तर त्याचं अप्रेझल सोन्याच्या अक्षरांत लिहिलं जाईल.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा मामेभाऊ. माझं आजोळ कुंभिवलीचं, खालापूर तालुक्यातलं. पुण्याहून एक्सप्रेसवेने घाट उतरलं की आलंच म्हणायचं. मुंबईकरांनी कर्जतवरून खोपोली लोकल धरावी. मामेभाऊ दिवसा एका कारखान्यात शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. हळद, लग्न, बारसं, वाढदिवसाचे फ्लेक्स हे तर आहेच. पण त्याचा खरा जीव कबड्डीत. रायगड जिल्ह्यात कबड्डी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. भातकापणी झाली, जमीन वाळली, की गावोगावी मैदानं तयार होतात, रात्रीच्या स्पर्धा सुरू होतात, आणि पहाटेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. इथे मातीवरची कबड्डी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तिला कुणा चॅनलची गरज पडलेली नाही.

या गड्याकडे सेकंडहँड डी७०० आहे. इतकी वर्षं होऊनही कॅमेरा ठणठणीत. त्याची भिशी लागली आणि त्याने मला फोन केला. "दादा, ग्रिप आणि ती मोठी बॅटरी घेऊ का? पाचाचे आठ होतात म्हणे. पकड एकदम नीट मिळंल."

आता गंमत अशी की भिशीचे पैसे म्हणजे वर्षाला एकदाच हातात येणारी रक्कम. ग्रिप, मोठी बॅटरी, तिचा वेगळा चार्जर, तिच्यासाठी लागणारं वेगळं झाकण (हो, झाकणही वेगळं लागतं, त्याचं नाव बीएल-३) असं सगळं सेकंडहँड जमवलं तरी ती भिशी जवळजवळ संपत होती. आणि एकदा संपली की पुढचा नंबर एक वर्षाने. त्यामुळे "घे रे, मस्त असते" असं फोनवर म्हणून टाकणं बरोबर नव्हतं. म्हटलं, शनिवारी येतो, बसून बघू.

बॅटरी वाढवली म्हणून वेग वाढत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. कॅमेऱ्यात एक बॅटरी, ग्रिपमध्ये तशीच दुसरी, म्हणजे दुप्पट ताकद, असं वाटतं. तसं नाही. डी७०० ची नेहमीची बॅटरी ईएन-ईएल३ई. ती ७.४ व्होल्टची, १५०० एमएएच. तशीच दुसरी ग्रिपमध्ये टाकली तर कॅमेरा आधी एक वापरतो, ती संपली की दुसरी. दोन्ही एकापुढे एक जोडून व्होल्टेज वाढवत नाही. म्हणजे फोटो दुप्पट निघतील, पण सेकंदाला पाचच. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फेलओव्हर सर्व्हर आहे, लोड बॅलन्सर नव्हे.

वेग वाढतो तो ग्रिपमध्ये दुसऱ्या जातीची बॅटरी टाकल्यावर. ईएन-ईएल४ए ही ११.१ व्होल्टची, २५०० एमएएच. किंवा मग आठ पेन्सिल सेल. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, आठ एकापुढे एक जोडले की ९.६ व्होल्ट. या दोन्हीपैकी काहीही टाकलं की डी७०० आठवर जातो.

का? एका फोटोसाठी कॅमेऱ्याच्या पोटात काय काय होतं बघा. आरसा वर उचलला जातो, लेन्समधलं छिद्र लहान होतं, शटरचा पहिला पडदा सुटतो, मग दुसरा, आरसा खाली येतो, शटरची स्प्रिंग पुन्हा ताणली जाते, मधल्या वेळात फोकस आणि प्रकाश पुन्हा मोजला जातो. यातलं बरंचसं काम छोट्या मोटर करतात. आणि डीसी मोटरचा वेग ढोबळमानाने तिला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरतो. व्होल्टेज जास्त, मोटर चपळ. शिवाय तेवढंच काम करायला जास्त व्होल्टेजवर करंट कमी लागतो, त्यामुळे ऐन धावपळीत बॅटरी दबत नाही.

मामेभावाला हे समजावताना मी खोपोलीचं उदाहरण दिलं, कारण ते त्याच्या अंगणातलं आहे. घाट उतरताना डोंगरावरून खाली येणारे जाडजूड पाइप तुम्हीही पाहिले असतील. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवटा असे तलाव आहेत. तिथलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि मग पाताळगंगेत जातं. आता समजा, वर त्याच उंचीवर आणखी एक तलाव बांधला. काय होईल? पाणी जास्त दिवस पुरेल. पण पाइपातून येणाऱ्या पाण्याचा जोर तोच राहील, कारण उंची तीच आहे. जोर वाढवायचा तर तलाव आणखी वर पाहिजे. व्होल्टेज म्हणजे तलावाची उंची, एमएएच म्हणजे तलावात पाणी किती ते. ग्रिपमध्ये दुसरी ईएन-ईएल३ई म्हणजे त्याच उंचीवरचा दुसरा तलाव. ईएन-ईएल४ए म्हणजे आणखी वरच्या डोंगरावरचा तलाव.

"म्हणजे नुसती ग्रिप घेतली तर पाचच?" तो म्हणाला.

पाचच. आणि हे एक वाक्य ज्यांना वेळेत कळलं नाही अशी कितीतरी मंडळी ग्रिप लावून, जुनीच बॅटरी टाकून, "माझा कॅमेरा खराब आहे का?" असं विचारत फिरली आहेत.

अजून एक मजा. ती ईएन-ईएल४ए मुळात डी७०० साठी बनलेलीच नाही. ती निकॉनच्या त्या वेळच्या मोठ्या डी३ ची बॅटरी. डी३ आला २००७ साली, सेकंदाला ९ फोटो, १२.१ मेगापिक्सेल. डी७०० मध्ये सेन्सर तोच. म्हणजे डी७०० ला ग्रिप आणि डी३ ची बॅटरी लावली की बराचसा डी३ तयार होतो, आणि वजनही जवळपास त्याच्याइतकंच होतं. वर ७०-२०० एफ/२.८ लेन्स असेल तर एकूण तीन किलोच्या घरात. अडीच तास हातात धरून बघा, मग सांगा.

हे सगळ्या कॅमेऱ्यांना लागू नाही

इथे जरा थांबून सांगतो, कारण हा प्रश्न मला वेगवेगळ्या कॅमेऱ्यांबद्दल विचारला जातो. ग्रिपने वेग वाढणं हा अपवाद आहे, नियम नाही. डी३००, डी३००एस (७ चे ८), डी७०० यांचा वाढतो. २०१२ च्या डी८०० चा पूर्ण फ्रेमवर वाढतच नाही, फक्त छोट्या डीएक्स क्रॉपमध्ये ५ चे ६ होतात. २०१७ च्या डी८५० चे ७ चे ९ होतात, पण ग्रिपमध्ये डी५ कुळातली ईएन-ईएल१८ मालिकेची बॅटरी असेल तरच. तीही १०.८ व्होल्टची, म्हणजे पुन्हा तोच वरच्या डोंगरावरचा तलाव. उलट डी२००, डी७०००, डी५०० यांना ग्रिप लावून वेगात काहीही फरक पडत नाही. कॅननचा ५डी मार्क २ ग्रिप लावूनही ३.९ आणि ७डी ८ वरच.

फिल्मच्या जमान्यातही हे होतं. २००० सालचा कॅनन ईओएस-१व्ही नुसता असताना सेकंदाला साडेतीन, आणि पीबी-ई२ हा बूस्टर त्याच्या एनपी-ई२ बॅटरीसह लावला की दहापर्यंत. ३६ फोटोंचा रोल साडेतीन सेकंदांत खलास! तेव्हा बटणावरचं बोट आपोआप सांभाळून पडायचं, कारण रोल आणि डेव्हलपिंगचा खर्च खिशातून जायचा.

आणि आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही. निकॉन झेड९ (२०२१) आणि झेड८ (२०२३) यांच्यात तर मेकॅनिकल शटरही नाही. हलवायलाच काही नाही तर मोटरला जोर कशाला हवा? तिथे सेकंदाला २० रॉ फोटो ग्रिपशिवायच निघतात. झेड८ ला ग्रिप मिळते, पण ती बॅटरी जास्त टिकावी आणि उभं धरायला सोयीचं पडावं म्हणून. अर्थात व्होल्टेजचं भूत पूर्ण गेलेलं नाही. कॅननच्या आर५ मध्ये मेकॅनिकल शटरवर १२ चा वेग मिळतो तो नव्या एलपी-ई६एनएच बॅटरीवर. जुनी एलपी-ई६एन टाकली की तो कमी होतो. तात्पर्य, पैसे देण्याआधी मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा. दुकानदार वाचत नाही.

आधी मोजा

असो. शनिवारी संध्याकाळी कुंभिवलीत पोचलो. मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, त्यामुळे पहिला तास तांत्रिक चर्चा झाली नाही. मग त्याचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. आदल्या आठवड्यातल्या एका स्पर्धेचे अकराशेच्या वर फोटो होते.

आपल्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम हळू चालतोय असं वाटलं की आधी प्रोफाइल करा, मग ऑप्टिमाइझ करा. नाहीतर माणूस जिथे दोन टक्के वेळ जातो ती गोष्ट जिवाचं रान करून दुप्पट वेगवान करतो आणि वापरणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. फोटोंच्या बाबतीत प्रोफाइलर फुकट मिळतो, कारण प्रत्येक फोटोच्या पोटात शटर, छिद्र, आयएसओ, वेळ सगळं लिहिलेलं असतं. डी७०० तर सेकंदाचे शंभरावे भागही लिहितो. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला, दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, आणि दोन फोटोंमधलं अंतर काढलं.

पहिलाच शोध: त्याला पाचही मिळत नव्हते. कित्येक ठिकाणी सेकंदाला तीन-साडेतीन. कारण मेनूत होतं. सतत फोकस करणाऱ्या मोडमध्ये 'आधी फोकस, मग फोटो' असा पर्याय त्याने कुठलातरी व्हिडिओ बघून लावला होता. अंधाऱ्या मैदानावर फोकस सापडेपर्यंत कॅमेरा फोटोच काढत नव्हता. तो पर्याय 'रिलीज'वर आणला. दुसरं, हाय आयएसओ नॉइज रिडक्शन आणि अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग दोन्ही चालू. त्याने कॅमेऱ्याचा बफर लहान होतो, म्हणजे सलग फोटोंची रांग लवकर अडकते. तेही बंद. खर्च शून्य रुपये. (डी३०० वाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. त्यात रॉ १४-बिटवर ठेवला तर वेग थेट अडीचवर येतो. मग ग्रिप लावा नाहीतर जनरेटर. डी७०० ला ही अडचण नाही.)

दुसरा शोध जास्त महत्त्वाचा. फोटो एकेक करून दोघांनी मिळून बघितले आणि बाद झालेल्यांची कारणं लिहिली. 'क्षण हुकला' अशा फोटोंची संख्या फार नव्हती. बहुतेक बाद फोटो 'हलले' या रकान्यात गेले. आणि का हलले ते आकड्यांतच दिसत होतं. लेन्स ७०-३००, छिद्र एफ/५.६, आयएसओ ६४००, शटर १/८०. चढाईपटूचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरतो असं धरा. १/८० सेकंदात तो ६ सेंटिमीटरच्या वर सरकतो. फोटोत हाताच्या जागी धूर दिसणार.

म्हणजे आजच्या घडीला त्याला आठचा वेग मिळाला असता तर काय झालं असतं? सेकंदाला पाच हललेल्या फोटोंऐवजी आठ हललेले फोटो. :-)

अडलेलं होतं प्रकाशात. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, आणि हा रेषेच्या कडेला बसलेला असतो. त्याला ३०० ची लांबी लागतच नाही. ८५ मिलिमीटर एफ/१.८ ही सेकंडहँड लेन्स त्याच भिशीत बसून वर पैसे उरत होते. एफ/५.६ वरून एफ/२ वर आलं तर प्रकाश किती वाढतो? ५.६ भागिले २, त्याचा वर्ग. जवळपास आठपट. म्हणजे १/८० चं शटर १/६४० होतं आणि हात ६ सेंटिमीटरऐवजी ८ मिलिमीटर सरकतो. आयएसओला हातही लावायला नको.

सेकंदातले उरलेले ९८४

मग ग्रिप निरुपयोगी का? नाही. इथे मामेभावाने जो मुद्दा मांडला तो कुठल्याही टेस्ट रिपोर्टमध्ये मी वाचलेला नाही. पण त्याआधी थोडी आकडेमोड.

शटर १/५०० असेल तर एका फोटोत कॅमेरा २ मिलिसेकंद 'बघतो'. सेकंदाला ५ फोटो म्हणजे १० मिलिसेकंद, ८ फोटो म्हणजे १६. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात. आठच्या वेगालाही ९८४ मिलिसेकंदांत काय झालं हे कॅमेऱ्याला माहीतच नसतं. आता समजा चढाईपटूच्या पायाचा अंगठा मध्यरेषेला टेकतो तो नेमका क्षण २० मिलिसेकंदांचा आहे. डोळे मिटून बटण दाबून ठेवलं तर तो क्षण सापडण्याची शक्यता पाचच्या वेगाला ढोबळमानाने १० टक्के, कारण दोन फोटोंत २०० मिलिसेकंदांचं अंतर. आठच्या वेगाला अंतर १२५, शक्यता १६ टक्के. झेड९ च्या २० च्या वेगाला ४० टक्के. त्याच्याच ११ मेगापिक्सेलच्या १२० च्या वेगाला तो क्षण सुटणारच नाही. पण भिशीत झेड९ बसत नाही.

म्हणजे एकच क्षण पकडायचा असेल तर दहाचे सोळा टक्के होणं ही काही क्रांती नव्हे. तिथे अंदाजच कामाला येतो. चढाईपटू परत फिरताना खांदा कसा वळतो, कोपरारक्षक कधी वाकतो, हे ज्याने लहानपणापासून पाहिलंय त्याचं बोट आधीच दाबलं जातं. डी७०० ला बटण दाबल्यापासून शटर उघडायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. माणसाला बघून प्रतिक्रिया द्यायला त्याच्या कितीतरी पट. बघून दाबलं तर उशीरच होणार. मामेभाऊ स्वतः कोपऱ्यावर खेळलेला आहे, गुडघा जाईपर्यंत. त्याचं टायमिंग त्याच्या गुडघ्याने दिलेलं आहे, ते कुठल्या बॅटरीत मिळत नाही.

हे सगळं ऐकून तो म्हणाला, "दादा, पण मला एक फोटो विकायचाच नाय. मी लाइन विकतो."

लाइन म्हणजे काय तर सलग पाच-सहा फोटोंची पट्टी. चढाईपटू आत शिरतो, पाय टाकतो, कोपऱ्याने घोटा धरला, साखळी आली, सगळे मातीत. संघ ती पट्टी फ्लेक्सवर छापून घेतात. एकटा फोटो एका खेळाडूचा असतो, पट्टी सातही जणांची असते, आणि वर्गणी सातही जण काढतात! धंद्याचं गणित आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरला लाजवेल असं. आणि अशा पट्टीला वेग लागतोच. सेकंदा-दीड सेकंदात आटपणाऱ्या पकडीचे पाचच्या वेगाने सहा-सात फोटो मिळतात, त्यातले दोन पंचाच्या पाठीमागे जातात. आठच्या वेगाने दहा-बारा मिळतात, मग निवडायला वाव राहतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे मेटल हॅलाइड किंवा स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, १/६४० च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा मळकट पिवळा. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ पासून कॅमेरे हे ओळखून शटर टाकायला लागले, पण डी७०० त्याआधीचा. त्याच्याकडे उपाय एकच, जास्त फोटो काढा आणि चांगल्या उजेडात सापडलेले ठेवा.

म्हणजे ग्रिपची त्याची गरज खरी होती. फक्त क्रम ठरवायचा होता, आणि मोठ्या बॅटरीचा हट्ट सोडायचा होता.

शेवटी काय ठरलं

भिशीतून ८५ ची लेन्स. ती त्याच महिन्यात घेतली. सेटिंग्ज बदललेल्याच होत्या. त्या सीझनला त्याने पाचच्याच वेगाने काम केलं, आणि कार्डावरचे 'हलले' फोटो इतके कमी झाले की मोजायची स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागली नाही.

ग्रिप त्याने पुढच्या सीझनच्या आधी स्वतःच्या कमाईतून घेतली. सेकंडहँड एमबी-डी१०, आणि त्यात ईएन-ईएल४ए ऐवजी आठ पेन्सिल सेलचा ट्रे. तो ग्रिपसोबतच येतो. चांगले रिचार्जेबल सेल आणि चार्जर मिळून मोठ्या बॅटरीच्या सरंजामाच्या तुलनेत अगदीच थोडे पैसे लागले. जुन्या मोठ्या बॅटऱ्यांची दुसरी कटकट अशी की त्यांचं वय झालेलं असतं, आणि सेकंडहँड बॅटरी म्हणजे झाकलेली मूठ. पेन्सिल सेलमध्ये एक पथ्य मात्र पाळायचं. आठही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, एकाच वेळी चार्ज केलेले हवेत. ते एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जरी ढेपाळला तरी बाकी सातांचा जोर वाया. आणि मेनूत कुठल्या जातीचे सेल आहेत ते सांगायचं, नाहीतर बॅटरीची खूण चुकीचं दाखवते. साध्या अल्कलाइन सेलवरही कॅमेरा चालतो, पण ते उतरायला लागले किंवा थंडी वाढली की वेग पडतो. जानेवारीतल्या पहाटे तीन वाजता, उपांत्य सामन्याच्या वेळी, ते कळणं बरं नाही.

एक हिशेब मी त्याला कागदावर लिहून दिला आहे. डी७०० चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं आहे. आठच्या वेगाने बटण दाबूनच ठेवलं तर दीड लाख फोटो व्हायला लागतात ५ तास १२ मिनिटं. एका कॅमेऱ्याचं अख्खं आयुष्य एका रात्रीत! त्याचा कॅमेरा सेकंडहँड, त्यामुळे त्यातले किती तास आधीच्या मालकाने जगून घेतलेत कुणास ठाऊक. तो कागद त्याने ग्रिपच्या पिशवीत ठेवलाय. आता चढाई सुरू झाल्यावर तो बोट नुसतं टेकवून बसतो. चढाईला ३० सेकंद मिळतात, त्यातली अठ्ठावीस तो काहीच करत नाही. उरलेल्या दोनमध्ये खटखटखट असा आवाज येतो. बाजूची पोरं त्या आवाजावरून सांगतात, पकड झाली म्हणून.

तुमच्याकडेही जुना एसएलआर असेल आणि ग्रिपचा विचार चालू असेल तर क्रम असा ठेवा. तुमच्या मॉडेलचा वेग ग्रिपने वाढतो का आणि कुठल्या बॅटरीवर, ते आधी बघा. मग सेटिंग्ज. मग कार्डावरचे बाद फोटो काढून ते का बाद झाले ते लिहा. ग्रिप आणि पैसे त्याच्या नंतर.

गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा त्याने केलेली एक पट्टी नाक्यावर लागलेली होती. सहा फोटो. पहिल्यात चढाईपटू हसत आत शिरतोय, शेवटच्यात फक्त त्याचा एक तळपाय दिसतोय आणि वर सात जण. खाली दोन्ही संघांची नावं. चढाईपटू त्याच गावचा. त्याच्या आईने मामेभावाकडून फक्त पहिला फोटो वेगळा छापून मागितला. त्याने दिला, आणि पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, अरे धंदा कसा होणार? तर म्हणाला, "दादा, उरलेले पाच विकले ना."